दिवेआगरचं खरं

॥ श्री ॥
पुणे, दि. १९ जानेवारी २०२६

चि. निनादला अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला की बाबा स्पीकर लावून शेजारी बसतात आणि मला जे सांगायचंय ते त्यांच्यासमोर सांगता येत नाही, म्हणून हे पत्र. लग्नाच्या वाढदिवसाला तू आम्हाला दिवेआगरच्या हॉटेलात पाठवलंस आणि परवा विचारलंस, "कसं होतं हॉटेल?" आम्ही दोघंही एका सुरात म्हणालो, "छान!" तू खूश झालास आणि म्हणालास की मग मे महिन्यात सायलीच्या आई-बाबांनाही तिथंच पाठवतो. त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. आमचं एक सोड. पण विहीणबाई तिथं जाऊन आल्या तर मी त्यांना कुठल्या तोंडाने भेटू? तेव्हा बुकिंग करू नकोस. केलं असलंस तर रद्द कर.

जाताना सगळं छानच होतं, हे खोटं नाही. सकाळी सातला कोथरूड सोडलं, पौडला चहा घेतला, ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा करत साडेअकराला दिवेआगरात पोचलो. बाबा तर गाडी चालवताना चक्क गुणगुणत होते. १९९८ साली तुला घेऊन आलो होतो तेव्हा तू चार वर्षांचा होतास. सुवर्णगणेश, म्हणजे गणपतीचा सोन्याचा मुखवटा, जमिनीत सापडून जेमतेम वर्ष झालं होतं, गावात त्याचीच चर्चा. तू विचारत होतास, आपल्या वाड्यात खणलं तर सापडेल का? मधे २०१२ साली दरोडा पडला, मुखवटा गेला, २०२१ मध्ये नवा बसला. या वेळी दर्शन घेतलं. तुझ्या नावाने नारळ ठेवला.

हॉटेलात मात्र काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता सांगितलं, "चेक-इन दोनला." दोन वाजेपर्यंत आम्ही लॉबीतल्या सोफ्यावर बसून होतो. पाणी मागितलं तर वीस रुपयांची बाटली चाळीसला. निघायच्या दिवशी दहाला खोली रिकामी करायची, हेही तेव्हाच कळलं. तू ओळखतोस मला, तीस वर्षं गणित शिकवलंय, डोकं गप्प बसत नाही. शुक्रवारी दोन ते रविवारी दहा, म्हणजे ४४ तास. खोलीचा दर ८५००, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १५३०, दोन रात्रींचे झाले २०,०६०. तासाला ४५६ रुपये पडले. झोपेत असतानाचेही.

आणि एक गंमत बघ. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला गेल्या सप्टेंबरपासून कर फक्त ५ टक्के आहे. त्यांनी ७५०० लावले असते तर तुझे ७८७५ गेले असते. भाव हजाराने वाढवला आणि तुझ्या खिशातून एका रात्रीचे २१५५ जास्त गेले. त्यातले ११५५ तर त्यांनाही मिळाले नाहीत. असला व्यवहार नववीतल्या पोरानेसुद्धा केला नसता.

'सी व्ह्यू'चं सांगते. तू फोटो पाठवला होतास त्यातला समुद्र खराच आहे, फक्त तो गच्चीवरून काढलेला. आमच्या बाल्कनीतून समोर जनरेटरची शेड आणि तिच्यामागे सुरूची झाडं. कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढलं की दोन झाडांच्या मधे बोटभर निळं दिसायचं. बाबा म्हणाले, "दिसत नसला तरी ऐकू येतोय ना!" तेवढ्यात जनरेटर सुरू झाला.

टॉवेलला एका बाजूने पिवळट डाग. गरम पाणी सात ते आठ, आणि ते आठच्या सुमारासच यायचं. पोहण्याच्या तलावावर दोरी बांधलेली. शनिवारी रात्री कुठल्याशा कंपनीचा ग्रुप उतरला आणि खाली लॉनवर डीजे लागला. दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. पावणेअकराला बाबा कानटोपी घालून खाली गेले. मॅनेजर म्हणाला, "काका, ग्रुप बुकिंग आहे, तुम्ही पण या ना नाचायला." बाबा काही न बोलता वर आले आणि कानात कापूस घालून पडले. मला ते फार लागलं रे.

पण त्याहून जास्त लागली ती पोपटी.

तुला माहितीय, बाबांची आत्या रोह्याची. लहानपणी थंडीत हे तिच्याकडे पोपटी खायला जायचे. शेतातल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, खडेमीठ, सगळं मडक्यात भरायचं. खाली-वर भांबुर्ड्याचा पाला दाबायचा, पाण्याचा थेंब घालायचा नाही. मडकं उपडं घालून भोवती काटक्या-पाचोळ्याचा जाळ. शिजलं की नाही ते बघायला मडक्यावर पाणी शिंपडायचं, चुर्र झालं की काढायचं. मी हे पस्तीस वर्षं ऐकतेय. हॉटेलच्या पाटीवर लिहिलं होतं, 'आज पोपटी नाइट, १२०० रुपये प्रत्येकी'. मी म्हटलं, जाऊ दे, नको. बाबा म्हणाले, लग्नाचा वाढदिवस आहे, एवढं चालतं. संध्याकाळपासून दोनदा मागच्या अंगणात जाऊन जाळ कुठे पेटवलाय ते बघून आले. दिसेना. साडेआठला ताट आलं. अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळलेली चिकनची तंगडी, बटाटा, आणि सोललेले फ्रोजन मटार. शेजारी हक्का नूडल्स. बाबांनी फॉइल उघडलं, नाकाजवळ नेलं, आणि परत मिटून ठेवलं. पाला नाही तर वास कुठून येणार? वाढणाऱ्या पोराला त्यांनी एवढंच विचारलं, "बाळ, तू कुठला?" तो म्हणाला, "म्हसळ्याचा." "मग तुला तर माहीत असेल." पोरगा ओशाळला. हळूच म्हणाला, "घरी करतो आम्ही. इथे शेफ बाहेरचा आहे."

तोच पोरगा दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून गरम पाण्याची बादली घेऊन दोन मजले चढून आला. वीस खोल्यांना अशी चार पोरं. बुधवारी हीच खोली निम्म्या भावात जाते, हेही त्यानेच सांगितलं. त्याच्यावर रागवायचं तरी कसं.

खाण्यापिण्याच्या बिलात सर्व्हिस चार्ज १० टक्के, ३६४ रुपये. इथे मात्र मी पुढे झाले. म्हटलं, हा असा परस्पर लावता येत नाही, २०२२ सालीच ग्राहक प्राधिकरणाने सांगितलंय आणि मागच्या मार्चमध्ये दिल्ली हायकोर्टानेही तेच म्हटलंय. मुलगी म्हणाली, "मॅडम, सिस्टीममध्ये आपोआप येतं." मी म्हटलं, मग सिस्टीमला १९१५वर, ग्राहक हेल्पलाइनला, फोन करायला सांगते. दोन मिनिटांत नवं बिल आलं. त्यातले शंभर म्हसळ्याच्या पोराच्या हातात दिले. उरलेले २६४ तुझे, हिशेबात धर.

शनिवारी दुपारी आम्ही गावात जेवलो, ते सांगायचं राहिलंच. एका घरगुती खानावळीत, अंगणात. कडव्या वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, खरी कोकमाची सोलकढी, उकडीचे दोन मोदक. ताट अडीचशे. त्या काकूंची सुपारीची वाडी होती. २०२० च्या निसर्ग वादळात एका दुपारी जवळजवळ सगळी आडवी झाली. सुपारी लावली की हाती यायला सहा-सात वर्षं लागतात, तोवर खायचं काय? म्हणून मागच्या दोन खोल्या रंगवल्या आणि पाहुणे घ्यायला लागल्या. चौदाशे रुपये, गरम पाणी चुलीवरचं. खोली मी बघून आले. चादर इस्त्रीची नव्हती, पण उन्हाचा वास होता. उठताना त्यांनी अर्धा किलो वाल बांधून दिले, पैसे घेईनात.

सायलीच्या आई-बाबांना तिथं पाठव. नंबर मी तुझ्या मोबाइलवर टाकते. मेमध्ये गर्दी असते, तेव्हा आत्ताच सांगून ठेव. तिच्या बाबांच्या गुडघ्याचं लक्षात आहे मला, खोल्या तळमजल्यावरच आहेत.

तू वाईट वाटून घेऊ नकोस. एवढे पैसे तू आनंदाने भरलेस म्हणून आमच्या तोंडून 'छान' निघालं. बाबा तर अजूनही कुणी विचारलं की तेच सांगतात, काल खालच्या वॉचमनलासुद्धा सांगितलं. यातलं मी तुला काही लिहिलंय हे त्यांना कळू देऊ नकोस.

हल्ली ते तुळशीबागेतून आणलेलं एक मडकं गच्चीत ठेवून रोज टेकडीवर पाला शोधायला जातात. सगळी नोकरी शिवाजीनगरला झाली, ज्याचं जुनं नाव भांबुर्डे, आणि आता भांबुर्डा मिळेना. संध्याकाळी पाच ते साडेसहा ते घरात नसतात. फोन तेव्हा कर.

तुझी,
आई