विरोधी बाकावरचं काम

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही म्हणालात, “विरोधकांनी विरोध करावा, बाकी त्यांच्या हातात असतं काय?” हे फोनवर बोलून संपणारं नाही, म्हणून क्रोएशियाच्या राजकारणी वेस्ना पुसिच यांच्याविषयी लिहिते आहे. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

त्या झाग्रेबच्या, जन्म 1953 चा, पेशाने समाजशास्त्राच्या प्राध्यापक. आई, तुला हे आवडेल: स्त्रियांचा प्रश्न समाजवादाने सोडवलाच आहे, असं युगोस्लाव्हियाचं सरकार सांगत होतं (क्रोएशिया तेव्हा युगोस्लाव्हियाचाच भाग होता). त्याच काळात, 1970 च्या दशकाच्या अखेरीस, तिथल्या अगदी सुरुवातीच्या स्त्रीवादी गटांपैकी एक उभा करणाऱ्यांत त्या होत्या. पुढे 2000 मध्ये त्या क्रोएशियन पीपल्स पार्टी या उदारमतवादी पक्षाच्या अध्यक्ष झाल्या, ‘साबोर’मध्ये म्हणजे संसदेत गेल्या. बॉस्नियाच्या युद्धात आपल्याच देशाने काय केलं, यावर त्या उघड बोलल्या. त्यासाठी कडवट टीकाही सोसली.

आता मूळ मुद्दा. युरोपियन युनियनमध्ये जाण्यासाठी क्रोएशियाच्या वाटाघाटी ऑक्टोबर 2005 मध्ये सुरू झाल्या. त्यांवर लक्ष ठेवायला संसदेने एक राष्ट्रीय समिती नेमली होती, आणि तिचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे होतं. निर्णय बहुमताने नाही, सहमतीने. पुढची काही वर्षं ही समिती पुसिच यांनी सांभाळली. सरकार एचडीझेड या पक्षाचं, म्हणजे त्यांच्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांचं. बाबा, वाटाघाटींतला एकेक विषय अडवून धरला असता तर सरकारची किती नाचक्की करता आली असती! डिसेंबर 2008 मध्ये समुद्रातल्या हद्दीच्या वादावरून शेजारच्या स्लोव्हेनियाने वाटाघाटी रोखल्या, त्या जवळजवळ वर्षभर अडकल्या. पुढे वाद लवादाकडे सोपवायचं ठरलं तेव्हा गाडी हलली. जून 2011 मध्ये वाटाघाटी पूर्ण झाल्या. श्रेय बहुतेक सरकारच्याच खात्यात जाणार, हे ठाऊक असूनही त्यांनी ते काम केलं. मला त्यांची सगळ्यात मोठी कामगिरी हीच वाटते, मंत्रिपदापेक्षाही.

मंत्रिपद त्यानंतर आलं. डिसेंबर 2011 पासून जानेवारी 2016 पर्यंत त्या परराष्ट्रमंत्री होत्या. जानेवारी 2012 च्या सार्वमतात मतदान केलेल्यांपैकी 66 टक्के लोकांनी होकार दिला, आणि 1 जुलै 2013 रोजी क्रोएशिया युनियनचा 28 वा सदस्य झाला.

पराभवही झाले. राष्ट्राध्यक्षपदाच्या 2009 च्या निवडणुकीत त्यांना सात टक्क्यांच्या आसपास मतं पडली. 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवपदासाठी त्या उभ्या राहिल्या. सुरक्षा परिषदेच्या पहिल्याच चाचणी मतदानात कौल विरोधात गेला आणि त्यांनी माघार घेतली.

मग 2017 मध्ये त्यांच्याच पक्षाने एचडीझेडबरोबर सत्तेत जायचं ठरवलं. त्या बाहेर पडल्या आणि सहकाऱ्यांबरोबर ‘ग्लास’ नावाचा छोटा उदारमतवादी पक्ष काढला. ज्यांच्याबरोबर समितीत वर्षानुवर्षं सहमती घडवली, त्यांच्याबरोबर खुर्च्या वाटून घ्यायला मात्र नकार! बाबा, तुम्हाला यात विसंगती दिसेल. मला नाही दिसत. समितीत देशाचं काम होतं. युतीत मतदारांना दिलेला शब्द मोडावा लागला असता. तुम्हाला पटत नसेल तर सविस्तर लिहा, मी वाट बघते.

तुमची,
मनू