बिऱ्हाड हलवण्याबद्दल

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

सोसायटीनं रिडेव्हलपमेंटचा ठराव मंजूर केल्याचं दादा म्हणाला. बाबा, ‘या वयात बिऱ्हाड हलवायचं नाही’ असं तुम्ही त्याला सांगितलंत म्हणे. फोनवर हे बोलणं अर्धवट राहतं, म्हणून लिहितेय.

लसीकरणासाठी मी धनगरांच्या वाड्यांवर, म्हणजे त्यांच्या फिरत्या तळांवर जाते, तेव्हा तुमचीच आठवण येते. फलटण-बारामतीकडचे मेंढपाळ दिवाळीच्या सुमारास मेंढरं घेऊन पश्चिमेला निघतात. काही आपल्या पुण्याच्या आसपास थांबतात, काही घाट उतरून कोकणात जातात. पावसाच्या तोंडावर परत, कारण सततच्या चिखलात मेंढरांचे खूर सडतात. संसार घोड्यांवर, मुक्काम दर थोड्या दिवसांनी नवा. पण वाड्यातली माणसं तीच. कोकरं म्हातारीच्या ताब्यात असतात. कुठल्या शिवारात पाणी टिकतं, खतासाठी रानात मेंढरं बसवल्यावर कोणता शेतकरी मोबदल्याचं धान्य नीट मोजतो, हे म्हाताऱ्यालाच विचारतात. बाबा, तुम्हाला शेवटचं कुणी कधी काही विचारलं?

तरी त्या आयुष्याचे गोडवे मी गाणार नाही. गुडघे गेले की चालणं संपतं, मग त्या माणसाला गावी ठेवतात, शाळेतल्या नातवंडांबरोबर. मुलगा-सून वर्षातला बराच काळ दूर, दवाखाना लांब. गावी राहिलेल्या अशा एका आजींशी बोलताना, आई, मला तुझा तिसरा मजला दिसत होता. लिफ्ट नाही म्हणून मंडईत जाणं तू सोडलंस. शेजारची दारं एकेक करून बंद झाली, कुणाची मुलं अमेरिकेत, कुणी स्वतःच गेलं. घर न सोडताही माणसं सुटतात.

दादा हिंजवडीला बोलावतो ते प्रेमानंच. तिथं लिफ्ट आहे, बाथरूममध्ये धरायला दांड्या आहेत, आणि या गोष्टींची गरज मी नाकारत नाही. पण तिथं बाबांना हाक मारणारं कोण? पेठेत वाणी, औषधवाला, वाचनालयातले काका, सगळे ओळखीचे. म्हणून माझा आग्रह आहे की बांधकाम होईपर्यंत आपल्याच पेठेत तळमजल्यावर भाड्यानं राहा. भाडं बिल्डर देणार आहेच, कमी पडलं तर दादा आणि मी घालू. नव्या इमारतीत लिफ्ट येईल, तेव्हा आपल्याच घरी परतायचं.

बाबा, करार तुम्हीच वाचा. इतकी वर्षं सोसायटीचे हिशेब तुम्ही सांभाळलेत. भाडं थकलं तर काय, मुदत लांबली तर काय, बँक गॅरंटी किती, हे कमिटीत विचारायला तुमच्यासारखं माणूस हवं. त्यांनाही तसं सांगा.

शनिवारी येते. दोन गल्ल्या सोडून एक जागा रिकामी आहे, ती तिघं मिळून पाहू. आई, त्याआधी गुडघ्याचा एक्स-रे काढून घे. पुढं ढकलू नकोस.

तुमची,
ताई