गोर्टच्या फलाटावरून

ती. आई व बाबा यांस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर वाऱ्याचा आवाज ऐकून आई, तू लगेच म्हणालीस, "एवढ्या रात्रीची उघड्यावर काय करतेस?" उघड्यावर नव्हते गं. स्टेशनवर गाडीची वाट बघत काचेच्या शेडमध्ये बसले होते, कानटोपीसकट. आणि इथे आयर्लंडमध्ये संध्याकाळचे पाच वाजले होते. हिवाळ्यात पाचलाच अंधार पडतो, त्याला मी काय करू?

बाबा, तुम्ही "आडगाव" म्हणालात ते मात्र लागलं. गोर्टला स्टेशन आहे! 1869 साली ॲथनराय ते एनिस ही लाइन सुरू झाली, तिच्यावरचं. 1976 च्या एप्रिलमध्ये पॅसेंजर बंद केल्या, पण रूळ उखडले नाहीत, हे नशीब. लोकांनी पिच्छा सोडला नाही. मीहॉल मॅक्ग्रेल नावाचे एक पाद्री तर वर्षानुवर्षं त्याच्या मागे होते. शेवटी 2010 च्या मार्चमध्ये, 34 वर्षांनी, गाडी परत आली. दहा कोटी युरोंच्या वर खर्च झाला. तेवढ्यात किती बस आल्या असत्या, असं म्हणणारे अजून आहेत, आणि दुपारच्या गाडीत आम्ही पाचच टाळकी असतो तेव्हा मलाही ते पटतं. सकाळी साडेसातला ड्यूटी असली की नाही पटत.

गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, विचाराल म्हणून आधीच सांगते: 5 फूट 3 इंच. म्हणजे तुमच्या बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी नॅरोगेजच्या दुप्पट आणि वर तीन इंच, आणि आपल्या ब्रॉडगेजहून तीन इंच कमी! सुरुवातीला इथे ज्याची त्याची मापं होती, कुणाचं 6 फूट 2 इंच, कुणाचं 5 फूट 2 इंच. मग सरकारी इन्स्पेक्टरने सगळ्यांची सरासरी काढून भांडण मिटवलं म्हणे. कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात हे सांगून बघा, कुणी विश्वास ठेवणार नाही.

बातम्यांत पूर दिसला तर घाबरू नका. तो लिमरिककडच्या बाजूला, बॅलीकारला येतो. माझी गॉलवेकडची बाजू कोरडी असते. म्हणजे, रुळांपुरती.

इथलं एक मला सहा महिने कळलं नव्हतं. स्टेशनकडे चालत निघालं की समोरून येणारा प्रत्येक गाडीवाला स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. हात नाही, बोट. चार बोटं जागच्या जागी, फक्त तर्जनी इंचभर वर, आणि मानही हलत नाही. ओळख असो-नसो. मला वाटायचं, रस्त्याच्या कडेला हो, असं दटावतायत. मग कळलं की हा रामराम आहे. उत्तरादाखल मी आपला सबंध हात वर केला, तर गाडीच थांबली! आजोबांना वाटलं, मला लिफ्ट हवी आहे. आता मीही बोटच उचलते. (नाही आई, बसले नाही गाडीत.)

जेवण नीट चालू आहे. मेतकूट पुरवून पुरवून खातेय.

तुमची,
धाकटी

ता. क. बाबांच्या मोतीबिंदूसाठी 60 हजार दादाच्या खात्यावर टाकलेत. डावा डोळाही लगेच करून घ्या, पैशांकडे बघू नका. दादाच्या साखरपुड्याला रजा मिळत नाहीये. खरं सांगायचं तर मिळाली असती, पण तिकिटाचेच पैसे त्या साठात आहेत. हे दादाला कळू देऊ नका. वहिनीची साडी माझ्याकडून घ्या, चांगली. बार्शीच्या त्या स्थळाला सध्या काहीच कळवू नका. नाही म्हणत नाहीये मी, नुसतं थांबा म्हणतेय. आणि आई, साखरपुड्याच्या दिवशी व्हिडिओ कॉल लावलास तर फोन उभा धर, मागच्या वेळी मला तासभर नुसता पंखा दिसत होता.