बाबा, हळदीच्या भरवशावर राहू नका

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

पोळ्याला घरी आले तेव्हापासून एक गोष्ट मनात सलते आहे. बाबा, पुरणपोळीचा घास तुम्ही चिमटीएवढा करून तोंडात सारत होता. आईने वाटलेला ठेचा ताटात तसाच राहिला, "आग होते" म्हणालात. ठेच्याशिवाय तुम्हाला कधी भाकर गेली नाही!

तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा विषय काढला तर म्हणालात, "रोज रात्री हळदीचं दूध पितो, तेही आपल्या वावरातल्या वायगाव हळदीचं. मला काय होते?" ते खरं निघावं असं मलाही फार वाटत होतं, म्हणून वाचत बसले.

हळदीतल्या कर्क्युमिन नावाच्या घटकावर खरंच काम झालंय. पुढे कॅन्सर होऊ शकतो असे पांढरे चट्टे तोंडात असलेल्या २२३ जणांवर आपल्याच देशात चाचणी झाली, २०१६ साली निकाल छापून आला. काहींना सहा महिने रोज ३.६ ग्रॅम कर्क्युमिन दिलं, बाकीच्यांना नुसत्या दिखाऊ गोळ्या. कर्क्युमिनवाल्यांपैकी जास्त जणांचे चट्टे वरून लहान झाले. पण तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर म्हणण्यासारखा फरक नव्हता. आणि ३.६ ग्रॅम म्हणजे किती? आपल्या हळदीत सहा टक्के कर्क्युमिन धरलं तरी रोज ६० ग्रॅम हळद लागेल. पेल्यात पडते अर्धा चमचा, त्यातलंही रक्तात फार थोडं उतरतं.

तंबाखू कमी करून सुपारी जास्त घोटून घेता, त्याची तर मला जास्तच धास्ती वाटते. नुसत्या सुपारीनेही कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ सालीच सांगितलंय. सुपारीने गालाची आतली कातडी ताठ होत जाते, तिखट झोंबतं, तोंड उघडेनासं होतं. बाबा, तुमचं हेच तर चाललंय.

आई, तू एक कर. सकाळच्या उजेडात त्यांची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये जातात का बघ. गालात, जिभेखाली पांढरा-लाल चट्टा किंवा न भरणारी जखम आहे का, तेही बघ. दूध-हळद बंद करू नको, चांगलीच आहे ती. शर्टाच्या खिशातली खर्ऱ्याची पन्नी मात्र काढून घे.

शनिवारच्या एसटीने येते. सोमवारी बाबांना घेऊन नागपूरला शासकीय दंत रुग्णालयात जाऊ. हळद खणायला अजून अवकाश आहे, तेव्हा बाबा, वावराचं कारण सांगू नका.

तुमची,
छोटी