३१८ म्हणजे कोण, असं विचारणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

माझ्या तंबोऱ्याच्या प्रोग्रॅमला केलेल्या मदतीबद्दल तोंडावर आभार मानायला लागलं की तुम्ही "चहा निवतोय बघ" म्हणून विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र. तुमचं नाव मुद्दाम घालत नाही. कोल्हापुरात ताराबाई पार्कातल्या ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

गुरुपौर्णिमेचा तो दिवस तुम्हाला मी अर्धाच सांगितला होता. राजारामपुरीतला छोटा हॉल, बाहेर पाऊस नुसता कोसळतोय, गुरुजी काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी हा सा) गाणार आणि तंबोरा माझ्या लॅपटॉपातला. घरी महिनाभर वाजवून पाहिलेला, काही तक्रार नाही. साउंडवाल्यानं त्याच्या ऑडिओ इंटरफेसची (लॅपटॉपचा आवाज स्पीकरकडं नेणाऱ्या डबीची) वायर जोडली, मी बटण दाबलं, तर तंबोरा पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध कुठंतरी लोंबकळतोय. गुरुजींनी सा लावला, थांबले, माझ्याकडं बघितलं आणि काहीच बोलले नाहीत. ते न बोलणं फार लागलं. मग क्लासमधल्या मुलीनं कोपऱ्यातला मिरजेचा खरा तंबोरा पुढं घेतला. अल्लादियाखाँसाहेब जिथं शाहू महाराजांच्या पदरी होते त्या गावात मी चढलेला तंबोरा घेऊन बसलो होतो.

त्यानंतरचे आठ दिवस मी माझाच कोड वाचत होतो आणि मलाच तो कळत नव्हता. खरं तर तो पायथन भाषेत सुरू झाला होता. तेव्हा तंबोरा आधी फाइलमध्ये उतरवून मग ऐकायचो, तोवर सगळं छान. थेट वाजवायला गेलो की मधेच टकटक यायची. ४८,००० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे इतके आकडे) १२८ सॅम्पलचा बफर, एका वेळी पुरवायचा साठा, म्हणजे अडीच मिलिसेकंदांच्या जरा वर. तेवढ्यात पुढचा घास तयार नसेल तर आवाज तुटतो. म्हणून सी प्लस प्लस या वेगवान भाषेत गेलो आणि तिथं गेल्यावर अंगात आलं. एक्स१, एक्स२, के२, टीएमपी अशी नावं. जितकं आखूड तितकं वेगवान, अशी काहीतरी समजूत. (पूर्वी जिथं नोकरी केली तिथं कमी ओळीत काम उरकणाऱ्याला शाबासकी मिळायची. ती सवय.) चूक शोधायला मी ऑडिओच्या फंक्शनमध्येच लॉग छापायची ओळ घातली, आणि आवाज आणखी फुटायला लागला. हे सांगितल्यावर तुम्ही डोळ्यातून पाणी येईस्तोवर हसला होता. तिथं छापायचं नाही, फाइल उघडायची नाही, नवी मेमरी मागायची नाही, कुलपासाठी (दुसऱ्या कामानं अडवलेल्या डेटासाठी) थांबायचं नाही. हे सगळं मी कुठंतरी वाचलं होतं, पण वैतागात कोण आठवतंय.

मी तुमच्याकडं आलो ते मदत मागायला नव्हे, खरं सांगायचं तर मंजुरी मागायला. सगळं रस्ट या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत नव्यानं लिहायचं ठरवून आलो होतो. २०१५ साली रस्टची पहिली पक्की आवृत्ती आली तेव्हापासून मेमरीच्या चुका तीच पकडते, असं सगळीकडं ऐकत होतो, आणि ते खोटं नाही. तुम्ही ऐकून घेतलं आणि म्हणालात, "लिही की. पण आधी हे वाचून दाखव. मोठ्यानं." कोडचे कागद छापून आणायला लावले होते तुम्ही! अकरा पानं. हातात पेन्सिल. बाकी जग स्क्रीनवर रंगीत अक्षरं बघतंय आणि आम्ही जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसलोय.

तिसऱ्या पानावर तुम्ही थांबवलंत. "हे ३१८ कोण?"

मला सांगता येईना. अगदी खरं, दोन मिनिटं मी त्या आकड्याकडं बघत राहिलो. मग हळूहळू उलगडलं. तारेचा आवाज मी कार्प्लस आणि स्ट्राँग यांच्या १९८३ च्या पद्धतीनं काढतो: छोट्या बफरमध्ये नुसती खरखर भरायची, ती गोल गोल फिरवायची आणि दर फेरीला शेजारशेजारच्या दोन सॅम्पलांची सरासरी घ्यायची. खरखर विरते, तार उरते. बफर जितका लांब तितका सूर खाली. काळी एकचा सा म्हणजे सुमारे १३८.६ हर्ट्झ, आणि ४४,१०० भागिले १३८.६ म्हणजे ३१८. घरच्या लॅपटॉपवर ४४,१०० होतं. साउंडवाल्याच्या इंटरफेसवर ४८,०००. तीच ३१८ घरं जास्त वेगानं फिरली आणि सूर १५० हर्ट्झच्या वर गेला. सॅम्पल रेट किती आहे हे माझा तंबोरा चालवणारा होस्ट प्रोग्रॅम सुरुवातीलाच माझ्या फंक्शनला सांगत होता. मी तो घेत होतो आणि टाकून देत होतो.

"रस्टमध्ये गेला असतास तर हे ३१८ पण गेलं असतं तुझ्याबरोबर," एवढंच म्हणालात.

त्या संध्याकाळी आपण चूक दहा मिनिटांत दुरुस्त केली आणि नावं ठेवण्यात तीन तास घालवले. चार तारांच्या एस१, एस२, एस३, एस४ च्या जागी पंचम, जोड एक, जोड दोन, खरज. के२ चं नाव जवारी, म्हणजे तारेच्या आवाजातली झणझण. मला ते आधी पोरकट वाटलं होतं. इंग्रजी नावं द्यावीत, उद्या कुणी बाहेरचा बघेल, असं मी पुटपुटलो, तर तुम्ही म्हणालात, "बाहेरचा बघेल तेव्हा बघेल, जवारीला इंग्रजीत काय म्हणतात सांग आधी."

याचं फळ कुठं मिळालं ते तुम्हाला अजून सांगितलेलं नाही. मिरजेहून तंबोऱ्याचे एक कारागीर गुरुजींकडं जवारी काढायला आले होते. मी सहज लॅपटॉप दाखवला. त्यांना प्रोग्रॅमिंगचा गंध नाही, पण अक्षरं ओळखीची. जोड एक, जोड दोन यांवर बोट ठेवून म्हणाले, "ह्या दोघींचा आकडा एकच कसा? दोन तारा इतक्या सारख्या कधी लागतात व्हय?" बरोबर. दोन्ही तंतोतंत सारख्या ठेवल्यामुळं माझा तंबोरा मेल्यासारखा वाजत होता. जोड दोन पाव हर्ट्झनं सरकवली, आणि चार सेकंदांच्या लाटेनं आवाज हलायला लागला. एस२ आणि एस३ कडं बघून त्यांनी हे कधीच सांगितलं नसतं.

भाषेचा वाद मात्र आपला मिटलेला नाही, आणि मिटू नये. ऑडिओचा धागा (थेट आवाज पुरवणारा भाग) सी प्लस प्लसमध्येच राहिला, कारण तिथं चालतं काय ते मला आणि तुम्हाला दोघांना दिसतं. राग, तारा, वेग यांच्या सेटिंगचं सगळं काम पुन्हा पायथनमध्ये नेलं. तुम्ही सुपरकोलायडर या संगीताच्या प्रोग्रॅमचं उदाहरण दिलंत, संगीतकार लिहितो ती भाषा वेगळी आणि आवाज काढणारं सी प्लस प्लसचं इंजिन वेगळं, तेव्हा माझा हट्ट ढिला पडला. पण पुढचं वाद्य मी रस्टमध्ये करणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

एका ठिकाणी तुम्ही चुकला होता, तेही लिहितो. "हा १ च्या आधी सतरा शून्यं असलेला दशांश कशाला मिळवतोस?" म्हणून तुम्ही त्या ओळीवर काट मारली. तार विझत आली की आकडे इतके बारीक होतात की काही प्रोसेसर त्यांच्यापायी रखडतात, म्हणून ती चिमूट होती. मी दोष दिला तर म्हणालात, "मग तसं लिहून ठेवायचं की वर. मी काय स्वप्नात बघायचं?" आता त्या ओळीवर देवनागरीत दोन ओळींची टीप आहे.

पैशांचं बोलणं तुम्ही काढू देत नाही, आणि खासबागेजवळची भेळ हा काही हिशेब नव्हे. पुढच्या गुरुवारी गुरुजींचं गाणं आहे, क्लासमध्येच. इंटरफेस ४८,००० वर ठेवायला मीच सांगितलंय. तुम्ही "मी येतो" म्हणालात, आपल्याकडच्या बायका म्हणतात तसं, तेव्हा आता यायचंच. आणि येताना अकरातलं सातवं पान घेऊन या. पंचमाच्या ओळीसमोर तुम्ही पेन्सिलीनं काहीतरी लिहिलंय, तेवढं लावायचं राहिलंय.

आपला,
राजारामपुरीतला तंबोरेवाला