दिन्या, मियाटा जॅकवर उचलण्याआधी

अ‍ॅन आर्बर,
14 ऑक्टोबर 2024

प्रिय दिन्या,

तुझ्या लाल माझदा मियाटाचा फोटो मिळाला. कडेला वहिनींचा अर्धाच चेहरा आलाय, पण दोन सीटची गाडी त्यांना कितपत पटलीय ते तेवढ्यावरून कळतं. मला विचारशील तर झकास काम केलंस. 2001 ची, 1.8 लिटर इंजिन, हाताने टाकायचे गिअर. याहून साधी आणि घरच्या घरी उघडता येण्याजोगी स्पोर्ट्स कार आज शोधून सापडायची नाही.

पण फोनवर तू जाता जाता म्हणालास, "तेल मीच बदलणार, डिकीत जॅक आहेच." तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा वळवळतोय, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय. डिकीतला तो कात्रीसारखा जॅक रस्त्याच्या कडेला पंक्चर चाक बदलण्यापुरता दिलेला असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालू नकोस. मोठा हायड्रॉलिक जॅक आणलास तरी तेच. आतलं तेल एका सीलच्या जिवावर अडलेलं असतं, ते सील गेलं की गाडी खाली. उचलायचं काम जॅकचं, पेलायचं काम स्टँडचं, म्हणजे उचललेल्या गाडीखाली लावायच्या लोखंडी घोड्यांचं. गाडी हलकी आहे म्हणून फसू नकोस. हलकी म्हटली तरी हजार किलोच्या वर भरते.

आता आधी हे कर. गाडी जमिनीवर असतानाच गुडघ्यावर बस आणि दाराखालची, पत्र्याचे दोन थर जोडलेली उभी कडा बघ. पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे त्या कडेला दोन-दोन खाचा दिसतील. कंपनीने जॅकसाठी ठरवलेली जागा त्या दोन खाचांच्या मधली. पुढची बहुधा ठीक असेल. मागचीकडे नीट बघ, कारण या गाडीचं दुखणं नेमकं तिथे आहे. कापडी छपरावरचं पाणी सीटमागच्या दोन कोपऱ्यांतल्या नळ्यांतून उतरतं आणि मागच्या चाकाच्या पुढे बाहेर पडतं. पानं आणि माती अडकून त्या नळ्या तुंबल्या की पाणी दाराखालच्या पोकळीत साचतं आणि पत्रा आतून कुजायला लागतो. त्यात तुमच्या न्यू जर्सीत हिवाळाभर रस्त्यावर मीठ. बाहेरून रंग चकचकीत आणि आत भुगा, अशा मियाटा इकडे मी बघितल्यात. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून बघ. आवाज टणक यायला हवा. भद्द वाजलं किंवा टोक टोचल्यावर आत गेलं, तर त्या जागी जॅकही लावायचा नाही आणि स्टँडही नाही.

याच कडेच्या आतल्या बाजूला, पुढून मागे जाणाऱ्या दोन लांब पोकळ पट्ट्या दिसतील. दिसायला चांगल्या चेसिससारख्या, म्हणून लोक बिनधास्त तिथे जॅक लावतात. त्यांचा पत्रा पातळ असतो, चेपतोच. तुझ्या गाडीच्या आधीच चेपलेल्या असतील, तर आधीच्या मालकाबद्दल काय समजायचं ते समज.

पुढचा भाग उचलायचा तर इंजिनखालच्या आडव्या जाड क्रॉसमेंबरच्या मधोमध. त्याच्याजवळचं तेलाचं पॅन अ‍ॅल्युमिनियमचं आहे, चुकून जॅक त्याला लागला तर तडा जाईल. मागचा भाग डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या गिअरच्या डब्याच्या, पोटाखालून. अडचण अशी की पुढचा बंपर इतका खाली आहे की साधा जॅक क्रॉसमेंबरपर्यंत शिरतच नाही. लो प्रोफाइल जॅक घे, आणि तरी दांडा बंपरला अडला तर आधी पुढची चाकं दीड-दोन इंच जाडीच्या फळ्यांवर चढव. कडेच्या खाचांपाशी उचलताना जॅकवर मधोमध चीर पाडलेलं जाड रबर लागतं. इकडचे लोक आइस हॉकीची पक कापून वापरतात. फुकटात काम होतं, आणि कडा वाकत नाही.

आता मला सगळ्यात जास्त काळजी आहे ती गोष्ट. या गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांना आहे आणि गिअरमध्ये ठेवलीस तरी तो मागच्याच चाकांना धरतो. म्हणजे डिफरन्शियलखालून मागचा भाग उचललास त्या क्षणी हँडब्रेक आणि गिअर दोन्ही निकामी. गाडी उभी राहते ती फक्त पुढच्या चाकांना लावलेल्या ठोकळ्यांवर, म्हणून ते दोन्ही चाकांना, पुढून-मागून, घट्ट लाव. तुझा ड्राइव्हवे फाटकाकडे उतरता आहे असं मला आठवतंय. तिथे नको, गॅरेजमधली सपाट फरशीच बरी. गाडी वर जाताना जॅकला थोडं पुढे सरकावं लागतं. त्याची छोटी लोखंडी चाकं फरशीच्या भेगेत अडकली की वरची बशी जागेवरून सरकते. त्यामुळे खालची जमीन झाडून घे. डांबरावर काम करायची वेळ आलीच तर स्टँडखाली जाड प्लायवुड टाक, नाहीतर पाय रुततात. काँक्रीटचे पोकळ ब्लॉक मात्र कधीच नाही. ते आधी काही न सांगता एकदम फुटतात.

स्टँड नवे घे. कुणाच्या गॅरेज सेलमधले नकोत. 2020 मध्ये हार्बर फ्रेट या अवजारांच्या दुकानांच्या साखळीने पिट्सबर्ग नावाचे सुमारे 17 लाख स्टँड परत मागवले होते, कारण उंची धरून ठेवणारी त्यांची खिटी दांड्याच्या दात्यांवरून निसटू शकत होती. बदलून दिलेल्यांपैकी काहींचं वेल्डिंगही सदोष निघालं आणि तेही परत घ्यावे लागले. तसले जुने नग अजून कुणाच्या ना कुणाच्या गॅरेजात पडलेले असणारच. दात्यांशिवाय वेगळी आडवी पिन आरपार जाते असे स्टँड बघ. गाडी हळूहळू त्यांच्यावर उतरव आणि खाली शिरण्याआधी मडगार्डला हात लावून जोरात हलवून बघ. पडायची असेल तर तू बाहेर असताना पडू दे. चाकं काढलीस तर ती दाराखाली आडवी सरकवून ठेव, म्हणजे गाडी पडलीच तर त्यांच्यावर अडेल.

इंजिनच्या तेलासाठी पुढचाच भाग उचलला तरी चालतं. फिल्टर मात्र इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली अशा जागी बसवलाय की हात सोलवटतो, त्याला इलाज नाही. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं तेल बदलताना गाडी चारही बाजूंनी सपाट हवी, कारण भरायच्या छिद्राच्या काठावरच पातळी ठरते. आणि तेल काढायचा खालचा बोल्ट उघडण्याआधी भरायचा बोल्ट सुटतोय ना ते बघ. जुनं तेल काढून टाकल्यावर वरचा गंजून बसलेला निघाला तर गाडी तिथेच अडकली. पण चार स्टँडवर गाडी चढवणं एकट्याचं काम नाही. मागचा भाग वर जाताना सगळी गाडी पुढच्या स्टँडवर कलते आणि ते किंचित तिरके होतात, तेव्हा दुसऱ्या कुणीतरी बाजूला उभं राहून त्यांच्याकडे बघत राहायला हवं. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला मी तिकडे येतोच आहे, तोवर ते राहू दे.

त्याआधी मागच्या चाकांपुढच्या कडेचे दोन्ही बाजूंचे फोटो पाठव, टॉर्च मारून, खालून काढलेले. वहिनींना नमस्कार, आणि त्यांना सांग की तिसरी सीट नाही हे मीही मोजलंय.

तुझा,
सुध्या