जुनी शंभराची नोट नव्या पाचशेपेक्षा लांब: अर्थमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय अर्थमंत्री महोदया,
सविनय नमस्कार.

हिंगणघाट तालुक्यात माझी चार एकर कोरडवाहू आहे, कापूस आणि तूर. दिल्लीला पत्र लिहायची सवय नाही. पण गेल्या शुक्रवारच्या बाजारात जे झालं ते गिळवत नाही.

माझे वडील दोर वळतात. कासरे, दावी, वेसणी, मोरख्या. वय ७४. एकवीस वर्षांपूर्वी काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले, तेव्हापासून सगळा कारभार बोटांवर. पोळ्याच्या आधीचा बाजार म्हणजे त्यांच्या वर्षाची कमाई. त्या दिवशी एकानं कासऱ्यांची जोडी घेतली, १६० रुपयांची. "बाबाजी, पाचशेची हाय," म्हणून नोट हातावर ठेवली. बाबांनी ती चाचपली, कडेवरून नख फिरवलं आणि ३४० रुपये मोजून परत दिले. नोट दोनशेची होती.

घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "एकवीस वर्षांत मले कोणी फसवलं नवतं, बाबू." भाकर तशीच राहिली. रात्री दोनला पाहतो तर अंधारात गल्ला मांडीवर घेऊन एकेक नोट बोटांत फिरवत बसलेले. (त्यांना कसला अंधार, म्हणा.)

मग मी पोराच्या कंपासपेटीतली पट्टी घेतली आणि नोटा मोजल्या. आपणही मोजून पाहा, आपल्याकडे पट्टी असेलच. नवी शंभराची १४२ मिलिमीटर. दोनशेची १४६. पाचशेची १५०. रुंदी तिघींची सारखीच, ६६. म्हणजे दोनशे आणि पाचशे यांत फरक किती, तर चार मिलिमीटर! तुरीचा दाणा याहून मोठा असतो. आणि कहर पुढेच आहे. जुनी शंभराची अजून चालते, ती १५७. नव्या पाचशेपेक्षा लांब! जुनी दहाची १३७, नवी पन्नासची १३५. जुनी वीसची १४७, नवी दोनशेची १४६. डोळस माणसाला रंग दिसतो, चित्र दिसतं. बोटाला दिसते फक्त लांबी, आणि तिची आपण खिचडी केली.

बाबांना दिसत होतं तेव्हाच्या नोटा त्यांना तोंडपाठ आहेत. १९६९ ला गांधीजींच्या जन्मशताब्दीची नोट निघाली, बसलेले गांधीजी आणि मागे सेवाग्रामचा आश्रम. आमच्याहून तासाभराच्या वाटेवरचा आश्रम नोटेवर आला म्हणून आजीनं एक नोट देव्हाऱ्यात ठेवली होती. पुढे दोनवर आर्यभट्ट उपग्रह, वीसवर कोणार्कचं चाक, शंभरावर हिराकूड धरण आलं. पाचावर तर ट्रॅक्टर हाकणारा शेतकरी होता. तेवढाच काय तो सरकारी कागदावर आमचा ट्रॅक्टर, बिनकर्जाचा. १९९६ पासून सगळीकडे गांधीजी आले, आणि त्या मालिकेत एक शहाणपणाची गोष्ट होती. पन्नास, शंभर, पाचशे यांत प्रत्येकी एक सेंटिमीटरचा फरक आणि हाताला लागणारी उठावाची खूण: शंभराला त्रिकोण, पाचशेला गोल. बाबा आंधळे झाल्यावर याच नोटांवर शिकले. मधल्या बोटाभोवती नोट गुंडाळायची, उरलेलं टोक अंगठ्यानं जोखायचं. अंबाडीचा पीळ जोखतात तसं.

मग ८ नोव्हेंबर २०१६ आला. कापूस ऐन वेचणीला, वेचणाऱ्या बाया दारात, आणि घरातल्या नोटा रद्दी. जिल्हा सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायलाच मनाई, आमचं खातं नेमकं तिथंच. काळा पैसा बुडणार होता ना? रिझर्व्ह बँकेनंच नंतर सांगितलं, ९९.३ टक्के नोटा परत आल्या. बुडाले ते आमचे आठ दिवस आणि वेचणीचे भाव. त्यातून निघाली दोन हजाराची गुलाबी, पाठीवर मंगळयान घेतलेली. तीही १९ मे २०२३ ला माघारी. साडेसहा वर्षं! आमचा बैल याहून जास्त वर्षं औताला चालतो. एवढ्यात एटीएमची खणं बदलली, रंग बदलले, नोटांच्या पाठीवर सांची आली, हंपी आली, राणीची वाव आली, वेरूळ आलं. बोटाचं कोणी विचारलं नाही.

तक्रार घेऊन तालुक्याच्या बँकेत गेलो. साहेब म्हणाले, "आंधळ्यांसाठी 'मणी' अ‍ॅप आहे ना, कॅमेऱ्यासमोर नोट धरायची." बाबांकडे बटनांचा फोन आहे, साहेब. आणि भर बाजारात एका हातात कासरा, दुसऱ्यात नोट, मग फोन कुठल्या हातात धरायचा? उठावाच्या खुणा नव्या नोटांवरही आहेत, मान्य. पण चार बाजार फिरलेल्या, घामानं मऊ पडलेल्या नोटेवर त्या शोधून दाखवा. २०१९ ला दृष्टिहीनांसाठी म्हणून नवी नाणी काढलीत, वीसचं बारा कोनांचं. चांगलं केलंत. पण आमच्याकडे दुकानदार दहाचंच नाणं घेत नाही, 'चालत नाही' म्हणतो, त्याला समजावायला कोण येणार?

खरं सांगू? नोट हे निमित्त आहे. रेशनच्या मशीनला बाबांचा अंगठा ओळखू येत नाही, दोर वळून वळून रेषाच गेल्यात. आणि बाबांच्या अंगठ्याला आता तुमची नोट ओळखू येत नाही. पीकविमा पोर्टलवर, सातबारा ऑनलाइन, पैसे मोबाइलमध्ये. प्रत्येक वेळी वर कोणीतरी काहीतरी नवं, देखणं करतं आणि खाली आम्ही पुन्हा पहिलीत बसतो. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडला नोटांसाठी मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. आंधळ्यानं नोट ओळखावी म्हणून वकील लावायचा!

रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम २५ नुसार नोटेचं रूप केंद्र सरकारच्या मंजुरीनं ठरतं. म्हणून हे पत्र नाशिकच्या छापखान्याला न लिहिता आपल्याला. पुढची नोट मंजूर करताना दोन नोटांत निदान एक सेंटिमीटर ठेवा, खूण खोल ठेवा, आणि ती छापण्याआधी एका शुक्रवारी आमच्या बाजारात पाठवा. बाबा फुकट तपासून देतील.

आपला,
दोरवाल्याचा मुलगा
ता. हिंगणघाट, जि. वर्धा

ता. क.: परवापासून बाबा पाचशेची नोट घेतच नाहीत. "सुटे आण," म्हणतात. गिऱ्हाईक पुढच्या दुकानात नायलॉनचा कासरा घेतं.